ब्राउझरने एफटीपी सोडल्यानंतर फाइल कशी आणावी, कशी पाठवावी

२०२१ च्या ऑक्टोबरात एका दिवाळी अंकाचे काम अंगावर होते आणि मुखपृष्ठाचे शेवटचे प्रूफ छापखान्याने नेहमीप्रमाणे आपल्या एफटीपी, म्हणजे फाइलींची ने-आण करणाऱ्या, सर्व्हरवरच्या आमच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. आदल्या दिवाळीपर्यंत ईमेलमधला दुवा दाबला की फायरफॉक्समध्ये पांढऱ्या पानावर नाव, आकार आणि तारीख अशी फाइलींची साधी यादी उघडत असे आणि हवी ती फाइल उतरवून घेता येत असे. या वेळी मात्र हा दुवा कोणत्या प्रोग्रॅमने उघडायचा, अशी विचारणा करणारी एक छोटी चौकट समोर आली. आम्ही आधी इंटरनेट तपासले, मग राउटर बंद करून पुन्हा चालू केला आणि शेवटी छापखान्याला फोन लावला. सर्व्हर व्यवस्थित चालू आहे आणि सकाळपासून चौघांनी फाइली नेल्या आहेत, असे तिकडून उत्तर आले. त्यांचे म्हणणे खरे होते. बिघाड सर्व्हरमध्येही नव्हता आणि आमच्या इंटरनेटमध्येही नव्हता. फायरफॉक्सने त्याच वर्षी जुलैत एफटीपी ही बोलीच सोडून दिली होती.

अशा अडचणीत सापडलेले लोक अजूनही भेटतात, कारण जुन्या ईमेलमध्ये, माहितीपत्रकांमध्ये आणि संस्थांच्या संकेतस्थळांवर हे दुवे तसेच पडून आहेत. दुवा उघडत नाही म्हणून फाइल गेली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा फाइल जागेवरच असते, फक्त तिथवर जाण्याचा रस्ता बदललेला असतो. तो रस्ता कसा शोधावा आणि त्यावरून जाताना कोणती काळजी घ्यावी, ते येथे क्रमाने सांगतो.

नेमके काय बंद झाले

एफटीपी म्हणजे फाइलींची ने-आण करण्यासाठी दोन संगणकांनी आपसांत पाळायचे संकेत. त्यांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले होते. आज चालणारे रूप मुख्यतः ऑक्टोबर १९८५ मध्ये ठरलेले आहे. वेब त्यानंतर काही वर्षांनी आले, आणि सुरुवातीच्या काळात इंटरनेटवरच्या बऱ्याच फाइली एफटीपी सर्व्हरवरच असल्यामुळे ब्राउझरांनी ही बोलीही शिकून घेतली. पण ते शिक्षण अर्धेच राहिले. क्रोम-फायरफॉक्समधून फाइल उतरवून घेता येत असे, चढवता येत नसे, आणि एफटीपीचे पुढे आलेले कूटबद्ध, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये असे, रूप तर क्रोमला कधीच येत नव्हते.

क्रोमने जानेवारी २०१९ मध्ये, ७२ व्या आवृत्तीपासून, एफटीपीवरची पाने आणि चित्रे थेट दाखवणे थांबवले. फोल्डरची यादी आणि डाउनलोड तेवढे ठेवले. पुढच्या वर्षी ८१ व्या आवृत्तीत एफटीपी पूर्ण बंद करायचे ठरले होते, पण नेमकी करोनाची साथ आली आणि तो निर्णय काही महिने मागे घेण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये ८८ व्या आवृत्तीत ही सोय सर्वांसाठी बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ९५ व्या आवृत्तीतून तिचा कोडही काढून टाकला गेला. फायरफॉक्सने एप्रिल २०२१ च्या ८८ व्या आवृत्तीत ती बंद केली आणि १३ जुलै २०२१ च्या ९० व्या आवृत्तीत समूळ काढली. दोन्ही ब्राउझरांची ८८ वी आवृत्तीच या कामी यावी, हा निव्वळ योगायोग आहे. मात्र त्यामुळे लोकांचा भरपूर गोंधळ झालेला मी पाहिला आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शोधाशोध करून आता काही हाती लागणार नाही. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांमध्ये फायरफॉक्सच्या अंतर्गत सेटिंगमध्ये जाऊन एफटीपी पुन्हा चालू करण्याचा उपाय सांगितलेला आढळतो. तो ८८ आणि ८९ या दोन आवृत्त्यांपुरताच खरा होता. काही जण फक्त एफटीपीसाठी ब्राउझरची जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. तसे करू नये. वर्षानुवर्षे सुरक्षा-दुरुस्त्या न मिळालेला ब्राउझर ऑफिसच्या संगणकावर ठेवला की आज ना उद्या कोणीतरी त्यात बँकेचे पान उघडतेच.

या बदलाचा फटका बसेल असे वाटते पण बसत नाही, अशा गोष्टींचीही नोंद करतो. झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेले कागद एफटीपीने थेट सर्व्हरवर जात असतील, तर ती व्यवस्था पूर्वीसारखीच चालते, कारण त्यात ब्राउझर कुठेच नसतो. डीव्हीआरमधून चित्रे पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांचेही तसेच.

पहिला प्रयत्न: पत्त्याची सुरुवात बदलून पाहणे

नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी एक प्रयोग करावा, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. दुव्यावर उजवी कळ दाबून पत्ता कॉपी करावा, तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवावा आणि सुरुवातीची एफटीपी ही अक्षरे खोडून त्या जागी एचटीटीपीएस लिहावे. दोन टिंबे, दोन तिरक्या रेघा आणि पुढचा सगळा पत्ता जसाच्या तसा राहू द्यावा. पत्त्यात सर्व्हरच्या नावाची सुरुवातही एफटीपी या शब्दाने होत असेल तर तो शब्द मात्र खोडू नये. तो नावाचा भाग आहे, बोलीचा नाही, आणि येथेच सर्वाधिक लोक चुकतात.

सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत हा प्रयोग बहुधा यशस्वी होतो. जनुकीय माहितीचा साठा सांभाळणारी अमेरिकेतील एनसीबीआय ही संस्था आपल्या एफटीपी नावाच्या सर्व्हरवरील फाइली एचटीटीपीएसवरूनही देते, त्यामुळे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जुन्या शोधनिबंधातला दुवा एवढ्या बदलाने उघडता येतो. ग्नू प्रकल्पाच्या सर्व्हरचेही तसेच आहे. काही ठिकाणी तर ब्राउझरांच्या आधीच सर्व्हरवाल्यांनी एफटीपी बंद केले होते: लिनक्स कर्नलच्या संकेतस्थळाने १ मार्च २०१७ रोजी आपला मुख्य एफटीपी सर्व्हर बंद केला आणि डेबियनने त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सार्वजनिक एफटीपी सेवा थांबवली. या दोन्ही ठिकाणी फाइली वेबवर पहिल्यासारख्याच मिळतात.

हा प्रयोग फसला आणि फाइल सार्वजनिक असेल, तर फाइलीचे नेमके नाव शोधयंत्रात टाकून पाहावे. संस्थेने फाइली दुसरीकडे हलवल्या असतील तर नवे ठिकाण बहुतेक वेळा सापडते. फाइल खासगी असेल, म्हणजे नाव आणि पासवर्ड लागत असेल, तर मात्र पुढे जावे लागते.

संगणकात आधीपासून असलेली सोय

विंडोजमध्ये एफटीपीचा पत्ता ब्राउझरमध्ये न टाकता फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत टाकावा, म्हणजे आपण रोज ज्या खिडकीत फोल्डर उघडतो तिच्या वरच्या पट्टीत. एंटर दाबल्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते आणि नंतर सर्व्हरवरचे फोल्डर आपल्या फोल्डरांसारखेच दिसू लागतात. फाइल ओढून डेस्कटॉपवर टाकली की ती उतरते. मॅकवर फाइंडर उघडून कमांड आणि के या कळा एकत्र दाबल्या की सर्व्हरचा पत्ता विचारला जातो. तेथून फाइल घेता येते, ठेवता येत नाही. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये फाइल्स या प्रोग्रॅममध्येच सर्व्हरला जोडण्याची सोय आहे आणि तेथे घेणे व ठेवणे दोन्ही चालते.

एखादीच मोठी फाइल आणायची असेल आणि कमांड प्रॉम्प्टची भीती वाटत नसेल, तर कर्ल नावाचा प्रोग्रॅम मॅकवर आणि २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये आधीच बसवलेला असतो. कर्ल, मग एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि त्याला जोडून कॅपिटल ओ, पुन्हा एक जागा सोडून पूर्ण पत्ता, एवढे लिहिले की फाइल आपल्या मूळ नावाने उतरते. तेथे ओ हे अक्षर कॅपिटलच हवे, कारण लहान ओ दिल्यास कर्ल पुढच्या शब्दाला फाइलीचे नाव समजते.

या घरच्या सोयींना एक मर्यादा आहे आणि ती लहान नाही. विंडोजच्या एक्सप्लोररला फक्त उघडे, जुने एफटीपी येते. त्यातून जाणारा पासवर्ड कूटबद्ध होत नाही. म्हणून नाव-पासवर्ड न लागणाऱ्या सार्वजनिक फाइलींसाठी किंवा घरातल्या घरात वापरण्यासाठी ही पद्धत ठीक आहे, आणि गिऱ्हाइकाच्या फाइलींसाठी नाही.

पासवर्ड उघडा जातो म्हणजे काय होते

हे शब्दांत कितीही सांगितले तरी लोक मान डोलावून पुढे जातात, म्हणून मी एकदा स्वतःच्याच संगणकावर वायरशार्क हा तपासणीचा प्रोग्रॅम चालू ठेवून साध्या एफटीपीने सर्व्हरला जोडून घेतले. पडद्यावर ओळीमागून ओळ आली. सर्व्हरने २२० हा आकडा पाठवून स्वागत केले. माझ्या संगणकाने यूझर हा शब्द आणि त्यापुढे माझे नाव पाठवले. सर्व्हरने ३३१ पाठवला, म्हणजे आता पासवर्ड द्या. त्यावर माझ्या संगणकाने पास हा शब्द आणि त्यापुढे माझा पासवर्ड पाठवला, अक्षरशः जसा मी टाइप केला होता तसा, शेवटच्या उद्गारचिन्हासकट. मग २३०, म्हणजे प्रवेश झाला. हीच ओळ सर्व्हरपर्यंतच्या वाटेवरचे प्रत्येक यंत्र वाचू शकते, आणि एखाद्या हॉटेलच्या किंवा स्टँडवरच्या फुकट वायफायमागे कोणते यंत्र आहे, ते आपल्याला ठाऊक नसते.

आमच्या छापखान्याने पाठवलेला दुवा तर याहून वाईट होता. सोय म्हणून त्यांनी नाव आणि पासवर्ड दुव्यातच घातले होते, म्हणजे तो ज्या ज्या ईमेलमध्ये पुढे पाठवला गेला आणि ज्या ज्या ब्राउझरच्या इतिहासात नोंदला गेला, तेथे तेथे पासवर्डही राहिला. असा दुवा आपल्याकडे असेल तर तो पासवर्ड फुटलेला समजून बदलून घ्यावा.

नेहमीच्या कामासाठी: वेगळा प्रोग्रॅम

फाइलींची ने-आण वारंवार होत असेल तर त्यासाठीचा स्वतंत्र प्रोग्रॅम घ्यावा. फाइलझिला विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही ठिकाणी चालतो. विनएससीपी फक्त विंडोजवर चालतो. सायबरडक मॅकवाल्यांना जवळचा वाटतो. तिन्ही मोफत मिळतात. मोफत प्रोग्रॅम नेहमी मूळ संकेतस्थळावरून घ्यावा आणि बसवताना प्रत्येक चौकट वाचावी, कारण पुढे, पुढे असे दाबत गेल्यास नको असलेले दुसरे काहीतरी सोबत येण्याची शक्यता असते. पुढचे वर्णन फाइलझिलाचे करतो, कारण डीटीपीवाल्यांकडे आणि छापखान्यांमध्ये मला तोच जास्त दिसतो.

उघडल्यावर वर होस्ट (सर्व्हरचा पत्ता), नाव, पासवर्ड आणि पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) अशा चार जागा दिसतात आणि सगळे तेथेच भरून मोकळे होण्याचा मोह होतो. त्याऐवजी फाइल मेनूतील साइट मॅनेजर उघडून नवी साइट तयार करावी, कारण महत्त्वाच्या निवडी तेथे आहेत. पहिली निवड बोलीची. एफटीपी किंवा एसएफटीपी यांतले जे सर्व्हरवाल्याने दिले असेल ते निवडावे, आणि त्याने काहीच सांगितले नसेल तर आधी विचारावे.

एफटीपीएस आणि एसएफटीपी या दोन नावांविषयी थोडे थांबून सांगणे गरजेचे आहे, कारण त्यांच्या सारखेपणामुळे होणारा घोळ कधी संपत नाही. एफटीपीएस म्हणजे जुने एफटीपीच, पण बँकेच्या संकेतस्थळासारखे कूटबद्ध आवरण घातलेले. ते बहुधा जुन्याच २१ क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होते आणि मग आवरण मागून घेते. क्वचित ९९० वर पहिल्यापासून आवरणासह चालते. एसएफटीपीचा एफटीपीशी नावापलीकडे संबंध नाही. सर्व्हर दुरून चालवण्यासाठी जे एसएसएच वापरतात त्याचाच तो भाग आहे, तो २२ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि त्याला ते एकच पोर्ट पुरते. म्हणून फोनवर कोणी एफटीपी द्या म्हटले तर पोर्ट कोणता, हे विचारावे. त्या एका आकड्यावरून समोरच्याला काय म्हणायचे आहे ते बहुतेक वेळा कळते. निवडीला वाव असेल तर मी एसएफटीपी घेतो, आणि त्याचे कारण सुरक्षेइतकेच फायरवॉलचे, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्याचेही आहे. ते पुढे येईलच.

एफटीपी निवडले तर त्याखालच्या एन्क्रिप्शनच्या चौकटीत, सर्व्हरला येत असल्यास टीएलएस (म्हणजे वर सांगितलेले कूटबद्ध आवरण) वापरा, असा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो तसाच ठेवावा. सर्व्हरला ते येत नसेल तर प्रोग्रॅम इशारा देतो, आणि त्या इशाऱ्यावर होकार देण्यापूर्वी त्या फोल्डरमध्ये काय आहे याचा विचार करावा. लग्नपत्रिकेचे डिझाइन असेल तर गोष्ट वेगळी. पतसंस्थेच्या सभासदांची यादी असेल तर तेथेच थांबून दुसरा मार्ग मागावा.

एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची किल्ली ओळखीची नाही, असा संदेश आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ समोर येते. ही त्या सर्व्हरच्या अंगठ्याच्या ठशासारखी खूण असते. बहुतेक लोक न वाचता होकार देतात. निदान महत्त्वाच्या सर्व्हरच्या बाबतीत ती ओळ सर्व्हरवाल्याला फोन करून ताडून घ्यावी. किल्लीवर कायम विश्वास ठेवण्याचा पर्याय निवडून मान्य केल्यावर पुन्हा विचारणा होत नाही, आणि पुढे केव्हातरी किल्ली बदलल्याचा इशारा आला तर सर्व्हर बदलला का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पासवर्ड लक्षात ठेवण्याची परवानगी दिली तर सेटिंगमध्ये मास्टर पासवर्डही लावावा. तो नसेल तर फाइलझिला साठवलेले पासवर्ड संगणकावर अशा स्वरूपात ठेवतो की जाणकाराला ते क्षणात वाचता येतात.

जोडले जाते, पण यादी येत नाही

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. नाव-पासवर्ड स्वीकारला जातो आणि मग पडदा तसाच राहून शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. त्यामागचे कारण एफटीपीच्या घडणीतच आहे. एफटीपीला दोन वाटा लागतात: एकीवरून बोलणे चालते आणि दुसरीवरून फाइल किंवा फाइलींची यादी येते. ही दुसरी वाट दर वेळी नव्याने उघडते. जुन्या, सक्रिय म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीत सर्व्हर आपल्या संगणकाकडे वाट काढतो, आणि घरचा राउटर अशा आगंतुकाला आत घेत नाही. दुसऱ्या, निष्क्रिय म्हणजे पॅसिव्ह पद्धतीत आपण सर्व्हरकडे जातो आणि कोणत्या दाराने यायचे ते सर्व्हर सांगतो.

फाइलझिलाच्या वरच्या भागातील नोंदींमध्ये २२७ या आकड्याने सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्या कंसात सहा आकडे असतात, समजा १९२, १६८, १, ५, ८ आणि ७७. पहिले चार म्हणजे सर्व्हरचा पत्ता. शेवटच्या दोनांतून दाराचा क्रमांक निघतो: आठला २५६ ने गुणून त्यात ७७ मिळवले की २१२५. आता सर्व्हर दुसऱ्या गावात असूनही पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर सर्व्हर आपला घरातला पत्ता बाहेरच्याला सांगतो आहे, म्हणजे तिकडची मांडणी चुकली आहे. फाइलझिला अशी चूक ओळखून मूळ पत्ताच वापरतो, पण इतर प्रोग्रॅम तितके समजूतदार असतीलच असे नाही. पत्ता बरोबर असूनही यादी येत नसेल, तर २१२५ सारखे वरचे पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये बंद असण्याची शक्यता मोठी. २२७ ची ओळच दिसत नसेल तर आपल्या बाजूने साइट मॅनेजरमध्ये ट्रान्सफर मोड पॅसिव्ह करून पाहावा. तेवढ्याने न भागल्यास ही २२७ ची ओळ कॉपी करून सर्व्हरवाल्याला पाठवावी. चालत नाही, एवढेच कळवण्यापेक्षा त्या एका ओळीने काम लवकर होते. एसएफटीपीला दुसरी वाटच नसल्यामुळे हा सगळा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

देवनागरी नावे आणि बिघडलेल्या फाइली

फाइलीचे नाव मराठीत ठेवले असेल तर जुन्या सर्व्हरवर त्याच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र युरोपीय अक्षरे दिसू शकतात. मूळ एफटीपी इंग्रजी अक्षरे गृहीत धरून बनले; इतर लिप्यांसाठी यूटीएफ-८ वापरण्याचा संकेत १९९९ मध्ये आला, पण सगळ्या सर्व्हरांनी तो अंगीकारला नाही. साइट मॅनेजरमधील कॅरेक्टर सेट या भागात यूटीएफ-८ सक्तीने वापरण्याचा पर्याय आहे, त्याने बऱ्याचदा नावे सरळ दिसतात. तरीही छापखान्याला पाठवायच्या फाइलींना मी इंग्रजी अक्षरांतली, मोकळी जागा नसलेली नावेच देतो. मराठीच्या अभिमानाचा हा प्रश्न नाही; रात्री अकरा वाजता पलीकडच्या माणसाला मुखपृष्ठ कोणते आणि मलपृष्ठ कोणते, हे कळले पाहिजे.

दुसरा बिघाड अधिक फसवा आहे, कारण फाइल पोहोचल्यासारखी दिसते. एफटीपीमध्ये मजकुराची आणि बायनरी अशा दोन तऱ्हांनी फाइल पाठवता येते. विंडोजमध्ये मजकुराची ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, १३ आणि १०, तर लिनक्समध्ये फक्त १० ने. मजकुराच्या तऱ्हेने पाठवताना हे अंतर मिटवले जाते, म्हणजे १३ गाळले जाते. साध्या मजकुराला ते सोयीचे, पण फॉन्ट, झिप किंवा चित्राच्या फाइलीत ते आकडे ओळीचा शेवट दाखवत नसतात. तेथून एकेक बाइट गळाला की फाइल निकामी होते. फाइलझिला तऱ्हा आपोआप ठरवतो आणि ते बहुधा बरोबर असते, मात्र ज्या फाइलीला नावामागे टिंब आणि प्रकार नाही, तिला तो मजकूर समजू शकतो. ट्रान्सफर मेनूमध्ये बायनरी हा पर्याय कायमचा निवडून ठेवला तर ही काळजी मिटते. आणि पाठवून झाल्यावर दोन्ही बाजूंचा आकार बाइटपर्यंत ताडून पाहावा. दोन्हीकडे अडीच एमबी दिसणे पुरेसे नाही.

मोबाइलवरच्या फाइली संगणकावर

अँड्रॉइडच्या बऱ्याच फाइल मॅनेजरांमध्ये वायफायवरून संगणकाला जोडण्याची सोय असते आणि ती चालू केली की पडद्यावर एफटीपीने सुरू होणारा, १९२.१६८ चा आणि बहुधा २१२१ सारख्या पोर्टवर संपणारा पत्ता येतो. पूर्वी हा पत्ता क्रोममध्ये टाकला की फोनमधले फोटो दिसत. आता तोच पत्ता, पोर्टच्या आकड्यासकट, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत टाकावा. फोन आणि संगणक एकाच वायफायवर हवेत. एक जण मोबाइल डेटावर असेल तर काहीही उघडणार नाही. पासवर्ड ठेवण्याची सोय असल्यास ठेवावी आणि काम झाले की फोनवरची ती सेवा आठवणीने बंद करावी.

सर्व्हर आपला असेल तर

सगळ्यांत जास्त काम येथे आहे, कारण एका सर्व्हरवाल्याने रस्ता नीट केला की वरचे निम्मे उपद्व्याप कोणालाच करावे लागत नाहीत. सर्वांसाठी खुल्या असलेल्या फाइली साध्या वेब सर्व्हरमधून एचटीटीपीएसवर द्याव्यात. सर्व्हरचे नाव एफटीपीने सुरू होत असले तरी तेच नाव वेबसाठी चालते, फक्त त्या नावाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. मात्र जुना दुवा आपोआप नव्याकडे वळवण्याची सोय एफटीपीत नाही, त्यामुळे संकेतस्थळाची पाने, पीडीएफ माहितीपत्रके आणि ईमेलखालच्या सह्या, या सगळ्यांत शोधून पत्ते हातानेच बदलावे लागतात.

गिऱ्हाइकांना फाइली ठेवता याव्यात म्हणून एसएफटीपी द्यावे. लिनक्सवरच्या ओपनएसएसएचमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्याच फोल्डरमध्ये कोंडून ठेवण्याची व्यवस्था आहे. तिच्यात एक अट आहे आणि पहिल्यांदा ती जवळजवळ सगळ्यांना अडवते: ज्या फोल्डरमध्ये कोंडायचे, त्याची आणि त्याच्या वरच्या सगळ्या फोल्डरांची मालकी रूटची, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याची, असावी लागते आणि इतर कोणाला त्यात लिहिण्याची परवानगी नसावी लागते. ती नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही गिऱ्हाईक लगेच बाहेर फेकले जाते. म्हणून त्या फोल्डरच्या आत आवक नावाचा आणखी एक फोल्डर करून त्याची मालकी गिऱ्हाइकाला द्यावी. काही कारणाने एफटीपीच चालू ठेवावे लागत असेल, तर टीएलएसशिवाय प्रवेश नाही, अशी सक्ती करावी आणि पॅसिव्हसाठी पोर्टांची एक लहान पट्टी ठरवून तेवढीच फायरवॉलमध्ये उघडावी.

२१ क्रमांकाचे पोर्ट शेवटी बंद करण्याआधी सर्व्हरच्या नोंदींमध्ये कोण कोण अजून त्या दाराने येते ते पाहावे आणि त्यांना एकेक करून कळवावे. एक महिन्याच्या नोंदी पाहून थांबू नये, पूर्ण वर्षाच्या पाहाव्यात. आमच्यासारखे दिवाळी अंकवाले त्या सर्व्हरवर वर्षातून एकदाच येतात, आणि तेही अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी.